सोळावरची चाल

आमच्या घरात चिंच कधी पुरायची नाही. आई वर्षाची चिंच फोडून, मीठ लावून बरणीत दाबून ठेवायची आणि लग्नसराई जवळ आली की आबा गुपचूप त्या बरणीत हात घालायचे. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आबांचा लग्नाचा बँड होता, आणि ट्रंपेट, झांजा, मोठ्या ढोलाच्या कड्या, सगळं पितळ आमच्याकडं चिंच आणि राखेनंच घासलं जायचं. मग आमटी बिनचिंचेची व्हायची. आई ताट आदळत म्हणायची, "बाजाला चकाकी आणि माझ्या आमटीला चव न्हाय. असलं घर कुठं बघितलं न्हवतं." आबा मान खाली घालून भुरके मारायचे आणि वर "झक्कास झालीया" म्हणायचे, त्यानं ती आणखीनच भडकायची. घराच्या पुढच्या सोप्यात दोरीवर लाल कोट टांगलेले असायचे, सोनेरी गोंड्यांचे. त्यांना डांबरगोळ्यांचा वास. संध्याकाळ झाली की बँडची माणसं जमायची, कुणी क्लॅरनेटची पट्टी जिभेवर ओली करत बसायचं, कुणी ढोलाचं कातडं शेगडीवर शेकायचं, आणि मग जो काही दणका सुरू व्हायचा त्यात शेजारच्या काकू भिंतीवर लाटणं हाणायच्या. आत आई भाकरी थापायची ती बाहेरच्या ठेक्यावर. हे तिला एकदा मी सांगितलं तर तिनं मला उलथनं दाखवलं.

मोठ्या ढोलाशेजारी उभं राहून राहून आबांचा डावा कान कामातून गेला होता, उजवाही फारसा भरवशाचा नव्हता. म्हणून आबांचा कान मी होते. सिनेमाचं नवं गाणं बँडवर बसवायचं म्हणजे आधी ते रेकॉर्डवरून उतरवायला लागायचं, आणि त्याची आमच्या धंद्यात एक रीत होती. लाँगप्ले रेकॉर्ड तेहतीसच्या वेगावर वाजते. आम्ही प्लेअरची दांडी सरकवून ती सोळावर लावायचो. तबकडी निम्म्या वेगानं फिरायची, गाणारी बाई बाप्यासारखी गायला लागायची, पण सूर काही बदलायचा नाही. आम्ही पट्टी पेटीवरून ओळखायचो. तर काळी दोनमधलं, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवरून धरलेलं गाणं काळी दोनमध्येच राहायचं, नुसतं एक सप्तक खाली उतरायचं. निम्म्या लयीत सगळ्या मुरक्या सुट्या सुट्या ऐकू यायच्या. त्या मी पेटीवर धरायच्या, मोठ्यानं सारेगम म्हणायचं आणि आबांनी कागदावर क्लॅरनेटची, ट्रंपेटची ओळ लिहायची. खरी लय कुणाला विचारायची गरज नसायची. गाणं हॉटेलात, रेडिओवर, थेटरात वाजून वाजून पोराटोरांना पाठ झालेलं असायचं. बँडची माणसं भांडायला लागली की आबा म्हणायचे, "गप बसा. मालन सांगंल ती पट्टी." मालन म्हणजे मी. हे वाक्य ऐकलं की मला दोन भाकऱ्या जास्त जायच्या.

त्या वर्षी आमचे पेटीवाले म्हादूतात्या लेकाकडं इचलकरंजीला राहायला गेले. बँडच्या पुढं एक हातगाडी चालायची, तिच्यावर भोंगा, बॅटरी आणि माईक, आणि माईकपुढं पेटी घेऊन म्हादूतात्या राजासारखे बसायचे. ती जागा रिकामी झाली. आबा एकदा जेवताना म्हणाले, "या सराईला पेटीवर घरचंच कुणीतरी बसवावं म्हणतो." आईच्या हातातली पळी थांबली. "कोण घरचं? ही? भर रस्त्यात, वरातीत, समद्या दारूड्यांच्या म्होरं?" आबा म्हणाले, "कान तिचा, हात तिचा, मग बसायचं कुणी? म्या?" आई दोन दिवस बोलली नाही, म्हणजे ते ठरलं. तोवर कोल्हापुरात बँडच्या गाडीवर बसलेली बाई मी तरी पाहिली नव्हती. मला रात्रंदिवस ती गाडीच दिसायची. दोरीवरचा कुठला कोट आपल्याला बसेल, तेही मी मनात ठरवून टाकलं होतं.

आणि मग सुशी आली. सुशी म्हणजे माझी आतेबहीण, कागलची, माझ्याहून वर्षानं लहान. कॉलेजसाठी ती आमच्याकडं राहायला आली. आली ती हसतच. आल्या आल्या आईच्या हातातली पिठाची परात ओढून घेतली आणि भाकरी थापायला बसली. आईनं पहिल्याच दिवशी भाकरीचा वरचा खुसखुशीत पापुद्रा तिच्या ताटात वाढला. तो पापुद्रा जन्मापासून माझा होता! दुधावरची साय गेली, खिडकीजवळची अंथरुणाची जागा गेली, ते सगळं मी एक वेळ सोसलं असतं. पण एका संध्याकाळी मी पेटीवर काहीतरी धरत होते आणि ही तांदूळ निवडता निवडता गुणगुणायला लागली. माझ्या सुराच्या बरोबर वरचा सूर, असा काही अलगद, की सोप्यातला क्लॅरनेटवाला वाजवायचा थांबला. आत्याच्या घरी भजनाची पेटी होती, त्यावर ही आपली आपण शिकलेली. आबा उजवा कान पुढं करून म्हणाले, "अगं, हिच्या गळ्यात तर सूर हाय की!" मी जळले. साध्या मराठीत सांगायचं तर नखशिखांत जळले. रात्री ती माझ्या शेजारी झोपून "मालनअक्का, मालनअक्का" करत कॉलेजातल्या गमती सांगायची आणि मी भिंतीकडं तोंड करून झोपल्याचं सोंग आणायचे.

आमच्या सूनबाईंनी हे पान वाचलं आणि म्हणाल्या, "आई, एवढं कशाला लिहायचं? सुशीमावशी वाचतील की." वाचू दे. पेठ वडगावात बसून ती सगळं वाचते, दर आठवड्याला फोन करते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, आणि मी तिच्यावर जळायचे हे तिला तेव्हाही माहीत होतं.

तर राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांच्या मुलीचं लग्न ठरलं. मोठं घर. आबा बँडचं ठरवायला गेले ते एक रेकॉर्ड काखेत घेऊन परत आले. सोप्यात आम्हां दोघींना समोर बसवून त्यांनी ती अशी ठेवली की जणू लहान मूलच. म्हणाले, "इंग्रजी बाजा हाय. एक मानूस पियानू वाजवतो आणि त्याच्या पाठीमागं सारंगीवाल्यांचा ह्यो मोठ्ठा ताफा. डॉक्टरांची लेक लहानपणापासनं हे ऐकती म्हणं. दुसऱ्या बाजूला पयलंच हाय ते. तिच्या पाठवणीला आपल्या बँडवर वाजाय पायजे." मग आमच्यापैकी कुणाकडंच न बघता म्हणाले, "तुमच्यातली जी पोरगी हे नीट उतरवंल, तिला गाडीवर बसवतो." जी पोरगी! तोपर्यंत त्या घरात मालन सांगंल ती पट्टी असायची. आता जी पोरगी.

मी त्या रेकॉर्डला सुशीचं बोट लागू दिलं नाही. ती कॉलेजला गेली की मी दार लोटून बसायचे. रीतीप्रमाणं दांडी सोळावर. आणि काय सांगू, असलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. सिनेमातला पियानो टिणटिण वाजतो. हा विहिरीच्या तळातून घंटा वाजावी तसा घुमत होता. एक सूर पडायचा, बराच वेळ हवेत राहायचा, विझत आला की दुसरा. मागून तो सारंग्यांचा ताफा कण्हत कण्हत यायचा. मला वाटलं, खरा पियानो हा असाच असणार, सिनेमातला नकली. पट्टी मी पहिल्या झटक्यात पकडली, काळी दोन. स्वर जवळजवळ सगळे शुद्ध, क्वचित एखादा कोमल येऊन जायचा. आबांना ऐकवलं तर ते कानावर हात धरून विचारात पडले. "शुद्ध सुरात हे रडतंय कसं गं?" मी म्हटलं, "पाठवणीला दिलंय म्हणजे रडकंच असणार की. इंग्रज असेच रडत असतील." आबांनाही ते पटलं. मी मन लावून बसले. जिथं सूर विझतो तिथं पेटीचा भाता कसा सैल सोडायचा, कुठं श्वास टाकल्यासारखं थांबायचं, खालच्या सप्तकात कुठं रेंगाळायचं, सगळं बसवलं. एके दिवशी आबांपुढं पूर्ण वाजवून दाखवलं तेव्हा ते डोळे मिटून बसून राहिले आणि म्हणाले, "असलं कधी ऐकलं न्हवतं बघ, मालन." सुशी उंबऱ्यात उभी होती. तिनंही ऐकलं. तिला ऐकू जावं म्हणूनच मी जरा मोठ्यानं वाजवलं होतं.

रविवारी जेवणं उरकली, बँडची माणसं सोप्यात पान चघळत बसली होती. सुशीनं रेकॉर्ड उचलली, मधल्या गोल कागदावरचं इंग्रजी वाचलं आणि म्हणाली, "मालनअक्का, ह्याच्यावर तेहतीस लिहिलंय की. मग तू सोळावर का लावतीस?"

"आमच्यात तसंच असतंय," मी म्हटलं. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"व्हय, ते उतरवायला. पर खरं कसं हाय ते एकदा ऐकूया की."

आणि तिनं दांडी सरकवली. माझ्या डोळ्यांदेखत त्या बाजातलं रडणारं माणूस उठलं, तोंड धुतलं आणि पिशवी घेऊन बाजाराला निघालं! टिणटिण, टिणटिण, अगदी सिनेमातल्यासारखा पियानो, आणि मागं त्या सारंग्या हसत खिदळत. दुःखाचा लवलेश नाही. सोप्यात आधी आबा जे हसत सुटले ते ठसका लागेपर्यंत. सिनेमाची गाणी सगळ्यांच्या कानात असतात, म्हणून आजवर काही बिघडलं नव्हतं. ह्या बाजाची खरी लय आमच्या घरात कुणाच्या बापानं ऐकली होती? हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी ओरडले, "काळी दोनच हाय की! पट्टी चुकली न्हाय माझी!" आबा डोळे पुसत म्हणाले, "पट्टी न्हाय चुकली गं. सगळा भावच चुकला." पुढं कितीतरी दिवस झांजवाला मला बघितलं की विचारायचा, "काय मालन, आज सोळावर का तेहतीसवर?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सुशीनं ते खऱ्या लयीत उतरवलं. मी चुलीपुढं बसून ऐकत होते आणि कुठं चुकते का बघत होते. चुकत नव्हती मेली. नीटनेटकं, हलकं, प्रसन्न. मी आबांना म्हटलं, "पाठवणीला असलं टिणटिण वाजवणार व्हय? लोक हसतील." आबा म्हणाले, "डॉक्टरांनी रेकॉर्ड दिलीया मालन. रेकॉर्डवर हाय तसंच वाजाय पायजे. सुशी बसंल गाडीवर." एवढंच. आईनं दोरीवरचा एक कोट काढून सुशीच्या मापाचा करायला घेतला. मी मनात धरला होता तोच. आईला सुईचं नेढं दिसत नसे. सुई मीच ओवून दिली.

लग्नाला मी गेले. का गेले ते सांगते, तिनं चुकावं म्हणून गेले. आज इतक्या वर्षांनीही मी ते वाक्य गोड करून लिहिणार नाही. कार्यालयाच्या दारात हातगाडी उभी होती, तिच्यावर लाल कोट घालून सुशी, केसांत अबोलीचा गजरा, आणि येणारीजाणारी बाई वळून बघत होती. पुरणपोळी, कटाची आमटी, सगळं होतं म्हणतात, मला काही चव लागली नाही. उन्हं उतरल्यावर पाठवणी निघाली. आबांनी हात वर केला आणि सुशीनं सुरुवात केली, रेकॉर्डवर होतं तस्सं, टिणटिण. नवरी मंडपातून बाहेर आली. दोन पावलं टाकली आणि आईच्या गळ्यात पडली. पुन्हा निघाली, तर एका म्हाताऱ्या मावशीनं तिचा हात धरला तो सोडेचना. आता बँडची एक गोष्ट सांगायची राहिली. बँड पेटीकडं बघत नाही, पायांकडं बघतो. पुढची पावलं जड झाली की ढोलवाल्याचा हात आपोआप जड होतो, त्याला कुणी शिकवावं लागत नाही. ढोल मंदावला, क्लॅरनेट त्याच्यामागं गेली, आणि सुशी एकटीच पुढं पळत राहिली. भोंग्यातून पेटी एकीकडं, बँड दुसरीकडं. लोक माना वळवायला लागले. आबांचा चेहरा पडला. माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या.

तेवढ्यात सुशीनं मान वर करून नवरीकडं पाहिलं. नुसतं पाहिलं. आणि तिची बोटं खालच्या सप्तकात उतरली आणि लय निम्मी झाली. मी जागच्या जागी खिळले. ती माझी चाल होती. जिथं मी भाता सैल सोडायचे तिथं तिनं सोडला. जिथं मी श्वास टाकायचे तिथं तिनं टाकला. दाराआडून, उंबऱ्यातून, तिनं माझं सगळं ऐकून ठेवलं होतं, एक जागा न गाळता. बँड तिच्याभोवती गोळा झाला. क्लॅरनेटवाल्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो वाजवतच होता. बायकांचे पदर डोळ्यांना लागले. मोटारीत सामान लावून घेत असलेले डॉक्टर बॅग हातात धरून तसेच उभे राहिले. नवरी त्या लयीवर एकेक पाऊल टाकत मोटारीपर्यंत गेली. मीही रडत होते. शेजारची बाई माझी पाठ थोपटत म्हणाली, "मैत्रीण व्हय गं तुझी?" मी कशाला सांगते, की मी माझ्या चालीसाठी रडतेय, ती दुसरीच्या हातात इतकी सुरेख कशी वाजली म्हणून रडतेय.

मोटार गेल्यावर डॉक्टर सरळ हातगाडीपाशी आले. चष्मा काढून पुसत सुशीला म्हणाले, "बाळ, ही लय तुला कशी सुचली? इतकी वर्षं मी ही रेकॉर्ड ऐकतोय. यात एवढं रडू आहे, हे मला कधी कळलंच नाही." आबा छाती काढून म्हणाले, "माझी भाची हाय, डॉक्टर." मी चार हात लांब उभी होते. मनात म्हटलं, घे. लाट सगळं. बोल, चाल माझी म्हणून. आता तू नुसतं हस आणि गप्प राहा, म्हणजे मी जन्मभर तुझं तोंड बघायची नाही, आणि तसं का ते साऱ्या पेठेला सांगत सुटेन. माझी वाक्यं तयार होती, आठवड्याची भांडणं पुरतील एवढी.

सुशी गाडीवरून उतरली. गर्दीतून माझ्याकडं आली, माझं मनगट धरून ओढत मला डॉक्टरांपुढं उभं केलं आणि म्हणाली, "माझी न्हाय डॉक्टर. ही चाल हिची हाय, मालनअक्काची. मी नुसतं आठवून वाजवलं. पेटीवर हीच बसाय पायजे हुती. हितनं पुढं हीच बसंल."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. "हो का? छान, छान," म्हणाले. मग सुशीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. "असं सांगायला फार मोठं मन लागतं, बाळ." आबांचे डोळे भरले. घरी मी ती चाल वाजवली तेव्हा त्यांनी नुसते मिटले होते. ढोलवाला नाक शिंकरत आबांना म्हणाला, "सोनं हाय मास्तर, सोनं हाय ही पोरगी." माझं मनगट अजून तिच्याच हातात होतं आणि माझी तयार वाक्यं, त्यातलं एकही वापरायच्या लायकीचं उरलं नाही.

पुढच्या वरातीपासून गाडीवर मी बसले. लग्न होऊन सासरी जाईपर्यंत बसले, आणि वाजवलंही झकास, हे कोल्हापुरातली जुनी माणसं अजून सांगतील. प्रत्येक लग्नघरी यजमान कौतुकानं विचारायचे, "मास्तर, ही पेटीवरची मुलगी कोण?" आबा माझ्या खांद्यावर हात ठेवून मोठ्या अभिमानानं सांगायचे, "ही माझी लेक, मालन. खरं म्हंजे हितं माझी भाची बसणार हुती, पर तिनं हिच्यासाठी जागा सोडली. लई मोठ्या मनाची पोरगी." यजमान वा वा म्हणायचे, आणि मी पेटीचा भाता ओढायचे.